खर्च अधिक पंधरा टक्के

३ मार्च
घराचा करार झाला. कॉन्ट्रॅक्टर घरचाच, हिचा धाकटा भाऊ. होईल तो खर्च मी द्यायचा, वर त्याचे पंधरा टक्के. ही म्हणाली, माझाच भाऊ आहे म्हणून सांगते, एकूण आकडा बांधून घ्या. हिला व्यवहार कळत नाही. तीस वर्षं ऑडिटमध्ये काढलीत मी. मेहुण्यालाच घाम फुटेल.

१९ मार्च
पहिल्याच बिलात चूक पकडली. खिळे अर्धा किलो जास्त लावले होते. मेहुणा म्हणाला, भावोजी, तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही. गुणी मुलगा.

२ मे
एवढं महाग सिमेंट कशाला, विचारलं. म्हणाला, ताईच्या घराला हलकं वापरू? मुद्दा बिनतोड.

२० मे
जिना भलत्याच बाजूला बांधला. पाडावा लागला.

२७ मे
बांधायचा खर्च, पाडायचा खर्च, परत बांधायचा खर्च. तिन्हींवर पंधरा टक्के. मी कडाडलो. त्याने करार पुढे केला. 'होईल तो खर्च.' मसुदा माझाच. भाषा निर्दोष आहे.

११ जुलै
खर्च कमी करण्यासाठी मीटिंग घेतली. सडेतोड बोललो. मीटिंगचा चहा बिलात आला, अधिक पंधरा टक्के. बेरीज तपासली. बरोबर होती.

२८ ऑगस्ट
फंड संपत आला. तळमजल्यावरची आईची खोली तूर्त रद्द. आईला इथला जिना झेपत नाही, म्हणून तर घर बांधायला काढलं होतं. आई म्हणाली, असू दे रे, मला किती दिवस राहायचंय. समंजस आहे. ही बोलेनाशी झाली. हिशेबाला शांतता बरी.

९ ऑक्टोबर
स्लॅब न टाकताच घर विकलं. पडेल भावात. पण मेहुण्याचं शेवटचं बिल तपासल्याशिवाय दिलं नाही.

२२ एप्रिल
नव्या मालकाने उरलेलं काम मेहुण्याकडूनच करून घेतलं. एकरकमी, आकडा आधी ठरवून. घर वेळेत उभं राहिलं. आज ही आईला घेऊन बघायला गेली होती. मला विचारलं नाही. परतल्यावर ही म्हणाली, खालच्या खोलीत त्यांची आई राहते. छान ऊन येतं.
मी म्हटलं, एकरकमीत एक बिल बघायला मिळत नाही, बिचारा फसला.
ही दार उघडंच ठेवून उभी राहिली. आई अजून जिन्यातच होती.