अर्ध्या गोळीचा आवाज

२ सप्टेंबर

सत्तर किलो! जमिनीवरून मांडीपर्यंत, तीन वेळा. कोच म्हणाला, "काकू, कंबर मोडून घ्याल," आणि लगेच चौथी मोजायला पुढे येऊन उभा राहिला. चौथी नाही झाली. परवा होईल.

दोन वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी घाबरवलं नसतं — "हाडं ठिसूळ होतायत, थोडं वजन उचलत जा" — तर आज मी खिडकीत भरतकाम करत बसले असते. थोडं म्हणाल्या होत्या त्या! आता चोवीस नोव्हेंबरला शरीरसौष्ठव स्पर्धेच्या स्टेजवर उभी राहणार आहे. पन्नाशीपुढच्या बायकांचा गट. वय छप्पन्न. हातात बारा आठवडे.

५ सप्टेंबर

आजपासून अर्धी गोळी.

कोणी फसवलं नाही, हे इथे आधीच लिहून ठेवते. मी विचारलं, "हे काय?" कोच सरळ म्हणाला, "स्टिरॉइड. बायकांसाठीचं, सौम्य. तुमच्या वयात नुसत्या अंड्यांवर दंड भरत नाहीत, काकू. अर्धीच घ्यायची." चिमणी बाजूला पाय ताणत होती. ती हसली. "मी दोन घेते. मेले का?"

चिमणी म्हणजे आमच्या व्यायामशाळेची शान. अठ्ठावीस वर्षांची, खांदे दरवाजाएवढे, आवाज दमदार. हिला चिमणी कोणी म्हटलं, ते मला कोडंच आहे. चिडवायला असणार.

कॉन्व्हेंट शाळेत माझ्या ख्रिस्ती मैत्रिणी शुक्रवारी चॅपेलमध्ये जाऊन पापं कबूल करून यायच्या आणि हलक्या होऊन मैदानावर पळायच्या. आम्ही बाकीच्या मुली बाहेर पायरीवर बसायचो. मला फार हेवा वाटायचा. मला सांगायला जागाच नव्हती. म्हणून ही वही. तेव्हापासून चालू आहे.

शिस्तीत घेतलं तर काही होत नाही. रोज एकाच वेळी, सकाळी, नाश्त्यानंतर. बेशिस्त माणसांना त्रास होतो.

११ सप्टेंबर

वाचनाचा दिवस. अंधांच्या ग्रंथालयासाठी मी नऊ वर्षं पुस्तकं वाचून देते आहे. खोली कपाटाएवढी, भिंतींना गादीसारखं जाड कापड, पंखा बंद. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारी मुलगी कानांवर हेडफोन चढवून बसते आणि माझ्या पोटात कुरकुरलं तरी हात वर करते. "मावशी, परत. आतडी बोलली."

एका खलाशाच्या आठवणी वाचतेय. सव्वीस प्रकरणं. आज चौथं संपलं.

आमच्या वक्तृत्वाच्या सिस्टर म्हणायच्या, शेवटच्या बाकावरच्या मुलीला वाटलं पाहिजे, तू तिच्याशीच बोलतेस. ओरडायचं नाही. अजून वाचताना मला तो शेवटचा बाक दिसतो.

१९ सप्टेंबर

हनुवटीवर तीन पुटकुळ्या. हे म्हणाले, "तारुण्यपिटिका! अभिनंदन!"

२६ सप्टेंबर

ऐंशी किलो!! ऐंशी! परत येताना रस्त्यावर उगीचच हसत होते. दंडाला हात लावला तर तो माझा वाटत नाही, एखाद्या तरण्या सुतारणीचा वाटतो. आरशासमोर पाठ वळवून बघितलं. लाजले. परत बघितलं.

स्टेजचा पोशाख आला. दोन मुठींत मावतो. सिस्टर गुडघ्यापासून चार बोटं धरून आमचे स्कर्ट मोजायच्या. हा मोजायचा म्हटला तर त्यांना बोट ठेवायलाही जागा मिळाली नसती.

कोच म्हणाला, आता पूर्ण एक गोळी. घेतली.

३ ऑक्टोबर

घसा बसलाय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

९ ऑक्टोबर

काचेपलीकडच्या मुलीने आज हेडफोन काढले आणि आत आली. ती कधीच आत येत नाही.

"मावशी, सर्दी आहे का? म्हणजे... ऐकाच तुम्ही." तिने पहिलं प्रकरण लावलं, मग आठवं. दोन वेगळ्या बायका. पहिली मी. दुसरी तिची थोरली बहीण, जरा जाडजूड, जरा रागीट.

"सर्दीच गं," म्हणाले. थाप! मग मीच तोडगा काढला. पहिली चार प्रकरणं पुन्हा वाचते, म्हणजे सगळं जुळेल. ती बिचारी "तुमचे कष्ट वाढतील हो" म्हणत राहिली. मी दोन तास वाचलं. खलाशी पुन्हा पहिल्या बंदरावरून निघाला.

१२ ऑक्टोबर

आज जे झालं ते कुणाला सांगू?

हे तीस वर्षं छापखान्यात मशीनच्या खोलीत होते. बारीक आवाज त्यांच्या कानांतून कधीच गेलेत — घंटी, पाखरं, मी. सात-आठ वर्षं मी दोनदा बोलते, तिसऱ्यांदा हातवारे करते आणि चौथ्यांदा सोडून देते.

आज मी स्वयंपाकघरातून, पाठमोरी, सहज म्हणाले, "दूध उतू चाललंय." आणि यांनी बाहेरून उत्तर दिलं, "मग गॅस बंद कर की!"

मी गॅस बंद केला. मग हे दारात आले. "काय गं, हल्ली किती स्पष्ट बोलतेस!" इतके खूश! संध्याकाळभर मला बोलतं ठेवलं. शाळेतलं सांग, सिस्टरांचं सांग. कितीतरी वर्षांनी मी एक वाक्य एकदाच बोलले.

आणि मला माहीत होतं, हे कशामुळे. 

१८ ऑक्टोबर

पुन्हा जुळत नाही. पुन्हा वाचलेली पहिली चार आता चौदाव्यापेक्षा बारीक वाटतात. मुलगी म्हणाली, "मावशी, परत पहिल्यापासून?" — आणि मग स्वतःच म्हणाली, "असं किती वेळा करणार?"

घरी आले. कोणी नव्हतं. शाळेतली सकाळची प्रार्थना म्हणून पाहिली. वरच्या पट्टीतली ओळ माझी असायची. मी आणि अजून दोघी, सिस्टरांनी निवडलेल्या. पियानोच्या डाव्या अंगाला उभं करायच्या. आज त्या ओळीपर्यंत आवाज चढलाच नाही. अर्ध्यावर फाटला. तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तिथेच.

२१ ऑक्टोबर

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. एक गोष्ट तर अशी की इथेही लिहवत नाही. शरीराच्या ज्या भागाचं नाव आम्हाला शाळेत कधी कुणी सांगितलं नाही, तिथलाही बदल. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, तसं होतं." त्या "हो"ने जीवात जीव आला आणि गेलाही.

सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं होतं, त्याचा रिपोर्ट: यकृताचे आकडे तिप्पट. चांगलं कोलेस्टेरॉल निम्म्यावर. रक्तदाब वाढलेला. घशात दुर्बीण घालून बघितलं — स्वरतंतू जाड झालेत.

"यकृत बहुतेक सावरेल. पुटकुळ्या जातील. आवाज..." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आवाज उतरला की सहसा परत चढत नाही. आज थांबलात तर निदान आणखी उतरणार नाही."

"सौम्य आहे म्हणाले होते."

"कोण? ज्याने विकली तो?"

२२ ऑक्टोबर

पाच आठवडे राहिलेत. फक्त पाच. आवाज गेलाच आहे, तर निदान स्टेज तरी... सकाळी गोळी घेतली. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली.

२५ ऑक्टोबर

व्यायामानंतर चिमणी आणि मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर. ती बुटाच्या नाड्या सोडत म्हणाली, "काकू, तुमची बंद झाली तेव्हा कशी झाली? हळूहळू की एकदम?"

"पाळी? हळूहळू. का गं?"

"माझी वर्षभर नाही आली. कोच म्हणतात, स्पर्धा झाली की आपोआप येते. नवऱ्याला मूल हवंय. मलाही हवंय हो. एवढी स्पर्धा झाली की."

काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हणाले, "तुला चिमणी कोण म्हणायला लागलं? एवढी दांडगी तू!"

"शाळेत! आवाज इतका बारीक होता ना माझा! बाई हजेरी घ्यायच्या आणि मी 'हजर' म्हटलं की अख्खा वर्ग चिवचिव करायचा." आणि ती हसली — त्या जाड, खोल, घोगऱ्या आवाजात.

मी दोन वर्षं समजत होते, तो तिचा जन्माचाच आवाज.

२६ ऑक्टोबर

बंद. उरलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

३० ऑक्टोबर

कोचला सांगितलं. तो ओरडला नाही, ते जास्त लागलं. "काकू, तोंडाशी आलेला घास टाकताय. आणि एक सांगू? तुम्हाला बघून या महिन्यात तिघी आल्या. मी त्यांना म्हणतो, बघा, छप्पन्नाव्या वर्षी! नुसती शिस्त!"

"नुसती शिस्त?"

"आता सगळं दारातच कशाला सांगायचं?"

म्हणजे त्या तिघींना मी आत ओढलं. माझ्या दंडांनी. आणि महिन्याभरात त्यांच्याही हातावर तो अर्धी ठेवणार.

चिमणीला रिपोर्ट दाखवला. तिने वाचलाही नाही. "तुमचं वय झालंय काकू, म्हणून. माझं यकृत दगड पचवेल." कोच जे म्हणतो तेच खरं तिच्यासाठी. त्याच्या छातीवर घोडा उभा केला तरी त्याला काही होणार नाही, असं म्हणते.

स्पर्धेतून नाव काढणार नाही. जे आहे त्यावर उभी राहीन.

७ नोव्हेंबर

साठ किलो. तेही दातओठ खाऊन. दंड उतरलेत, रडू येतं, झोप येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, होईल असं काही दिवस. रोज जाते. एकही दिवस चुकवला नाही.

१० नोव्हेंबर

यांना सगळं सांगितलं. साड्यांखालचा रिपोर्ट काढून दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, छापायला जाण्याआधी मजकूर तपासायचे तसा, ओळीवर बोट ठेवून.

"म्हणजे मला तू ऐकू यायला लागलीस, ते यामुळे?"

"हो."

रिपोर्टची नीट घडी घातली. मग म्हणाले, "मला तो आधीचाच हवा होता गं. ऐकू नसता आला तरी."

नंतर स्वतःच दुकानात फोन लावून कानाच्या यंत्रासाठी वेळ घेतली. सात वर्षं मी मागे लागले होते!

१६ नोव्हेंबर

खलाशाचं पुस्तक संपलं. पहिल्या चार प्रकरणांचं जुनं, खऱ्या आवाजातलं वाचन मुलीने जपून ठेवलं होतं. तेच लावायला सांगितलं. शेवटी दोन वाक्यं स्वतःची घातली: वाचणारी बाई एकच आहे. मधे तिने जी गोळी घेतली त्यामुळे आवाज बदलला, आता असाच राहील.

मुलगी म्हणाली, "मावशी, हे खरंच ठेवू?"

ठेव.

२४ नोव्हेंबर

उभी राहिले!

अंगाला तपकिरी रंग फासलेला, पायांत पारदर्शक टाचांचे सँडल, वर दिवे असे की खाली कोण बसलंय दिसेना. पाच जणी होतो. पाचवी आले. बाकीच्या चौघींना "नमस्कार" म्हटलं तर चौघींचेही आवाज माझ्यासारखे. एकीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. कोणी काही विचारलं नाही.

पाठ वळवायची वेळ आली तेव्हा पहिल्या रांगेतून यांचा आवाज — "वा!" भलत्याच वेळी, भलत्याच जोरात. सगळे हसले. मीही.

चिमणी तिच्या गटात पहिली आली. कोचने तिला खांद्यावर घेतलं. आता ती ऐकेल कशी?

२५ नोव्हेंबर

बायकांच्या खोलीबाहेर बोर्ड आहे. कोच त्यावर आहाराचे तक्ते लावतो. येता-जाता सगळ्यांना दिसतो. आज दुपारी व्यायामशाळा रिकामी असताना गेले. कालच्या विजेत्यांच्या फोटोशेजारी माझा रिपोर्ट लावला. नाव न खोडता. खाली सिस्टरांनी वळण लावलेल्या अक्षरात लिहिलं: "सात आठवडे गोळी घेतली. आधी अर्धी, मग एक. नुसती शिस्त नव्हती. आवाज परत येणार नाही. ज्यांना विचारायचंय त्यांनी मला विचारावं. — काकू."

चार टाचण्या, चारही कोपऱ्यांना. कागद सरळ लागला.

फाडेल तो. फाडू दे. माझ्याकडे वीस प्रती आहेत.

२६ नोव्हेंबर

फाडला नाही.

शेजारी आणखी एक कागद होता. हृदयाची तपासणी. वय एकेचाळीस. झडपा ठीक, हृदयाची ताकद निम्म्याहून कमी. तारीख मागच्या वर्षीची. नाव कोचचं. खाली त्याच्या आहाराच्या तक्त्याच्याच अक्षरात: "मीही घ्यायचो. माझ्याकडे गोळ्या मागू नका. आता नाहीत."

तो आत दिसला नाही. चिमणी बोर्डासमोर उभी होती, गळ्यात परवाचं पदक. मान न वळवता म्हणाली, "काकू, तुमची ती रक्ताची लॅब किती वाजता उघडते?"

सात, म्हटलं. उपाशीपोटी.