आधी कोणाला सांगू?

३ मार्च, मंगळवार
साहेब खूश! तपासणीचा रिपोर्ट तयार झाला की त्याच क्षणी पेशंटच्या फोनवर. 'लॅबमधून थेट खिशात!' म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. ॲप माझंच. पण घरी येताना वाटत राहिलं, रिपोर्ट वाईट असला तर?

६ मार्च, शुक्रवार
लोक ॲप कसं वापरतात ते बघायला दवाखान्यात जाऊन बसले. एक शिक्षिका भेटल्या. त्यांना रिपोर्ट बसमध्ये आला होता. उतरायचा स्टॉप गेला, पुढचे सगळे गेले. शेवटी कंडक्टर म्हणाला, 'बाई, गाडी इथपर्यंतच.'
मी विचारलं, भाषा अवघड होती का?
'छे हो! अक्षर न् अक्षर कळलं. आता मी काय करू, एवढंच कुठे नव्हतं.'
त्या हसल्या. मला हसता येईना.

९ मार्च, सोमवार
साहेबांशी वाजलं. 'माहिती पोचली ना? मग झालं!' पोचली की आदळली? आवाज चढला माझा. म्हटलं, आधी डॉक्टरांनी फोन करावा, मग रिपोर्ट दिसावा.
'म्हणजे पेशंटचाच रिपोर्ट पेशंटपासून लपवायचा?'
हे वर्मी लागलं. त्यांचं चूक नाही. माझंही नाही. मग काय?
संध्याकाळी ताईचा फोन. काखेत गाठ लागतेय. 'घाबरू नकोस गं, तुला काही सांगितलं की लगेच आभाळ कोसळतं!'

१० मार्च, मंगळवार
कोसळलंय.

१३ मार्च, शुक्रवार
शिक्षिकांना फोन करून सरळ विचारलं — तुम्हाला कसं कळायला हवं होतं?
'हे आधी कुणी विचारलंच नाही!' मग म्हणाल्या, 'आमच्या ह्यांना आधी सांगायचं. ते समजावून सांगतात. माझी जाऊ मात्र म्हणेल, मधे कुणी नको, माझं मी वाचते.'
आम्ही माहितीला पार्सल समजत होतो. दारात टाकलं की काम फत्ते! पण कोण सांगतं, सोबत कोण असतं, पुढे काय करायचं — ते वगळून उरते ती कसली माहिती?
नमुना घेतानाच विचारायचं: लगेच फोनवर, डॉक्टरांच्या तोंडून, की आधी जवळच्या माणसाला? ज्याचं त्याने ठरवावं.

१७ मार्च, मंगळवार
साहेब कुरकुरले, पण 'बघू करून' म्हणाले. उद्यापासून सुरू. ताईच्या गाठीचा नमुनाही उद्याच घेणार आहेत. काय निवडशील, विचारलं. 'लगेच फोनवर! मी काय कुक्कुलं बाळ आहे?' हट्टी आहे. तेच करणार.

२० मार्च, शुक्रवार
रिपोर्ट आज यायचा. ताईचा फोन नाही. मला करायचा धीर नाही. कुठे असेल? एकटी असेल? बसमध्ये तर नसेल?

२१ मार्च, शनिवार
सकाळी डॉक्टरांचा फोन — मला! 'तुमच्या बहिणीने लिहून दिलंय, आधी धाकटीला सांगा.'
गाठ साधी नाही. उपचार आहेत, सोमवारी दोघी या, म्हणाले.
ताईला अजून काहीच माहीत नाही. माझ्या तोंडून कळणार. निघतेय.