मोत्याची रांगेतली जागा

३ जाने., शनि.
कुत्र्यांच्या सामूहिक खेळाचा आराखडा पुरा. खेळ ११ ला. बाजाराच्या ओट्यांमागची जागा मिळाली. मोहाडीत असं आजवर कोणी केलेलं नाही. कुत्री पाच, सगळी गल्लीतच वाढलेली. भोजराजची काळी आंधळी. सुजाताबाईंचा टिपू तीन पायांचा. एक म्हातारी, एक भित्रा. आणि माझा मोत्या. बसणे, गोल फिरणे, शेवटी सगळ्यांनी मिळून नमस्कार. टिपूला सरळ बसता येत नाही; पोट टेकलं की त्याची बैठक धरायची. काळीसाठी जमिनीवर जाड दोर, त्याच्या कडेने ती फिरेल. ज्याला जे जमतं ते, पण नेटकं. हुकूम मात्र तोंडी आणि एकदाच. हात हलवायचा नाही.

६, मंगळ.
पहिली तालीम. सु.बाई टिपूला हाताने खुणावत होत्या. सगळ्यांसमोर अडवलं. खुणावलं की कुत्रं हात पाहतं, हुकूम शिकत नाही.
"मंग का तुमचं तोंड पाहावं का जी त्यानं?"
हसले सगळे. हे कोणी मला शिकवलेलं नाही, करून करून समजलेलं आहे. दाखवावं म्हणून मोत्याला पुढे घेतलं. "बस." धूळ हुंगत राहिला. परत "बस." भोजराज बोललाच, "मास्तर, एकदाच म्हणा ना जी. नियम हाये."

७, बुध.
सकाळी मागावर विणताना "बस" म्हटलं आणि फणी ठोकली. लगेच बसला. रीत माझीच: हुकूम, लागलीच फणीचा ठोका, म्हणजे हुकूम मुरतो. घरी ऐकतो, बाजारात ऐकत नाही. माज आहे. आज दूधभात बंद. बायकोने, हिराने, चोरून दिला. पाहिलं मी.

८, गुरु.
हिरा म्हणाली, "ठोक्याबिगर सांगून पाहा बरं एकदा."
फणीवरून हात काढला. "बस." काही नाही. ओरडून. काही नाही. मग तोंड मिटून नुसती फणी ठोकली. बसला. घरातली भुई हादरते, ती त्याला कळते. माझं बोलणं नाही.
"कवापासून आयकू येत नसन जी त्याले?"
माहीत नाही. दिवसभर पायाशी असतो, आणि मला…
दूधभात दोनदा वाढला.

९, शुक्र.
हाताची खूण ठेवली तर मोत्याचं भागतं, काळीचं नाही. नुसतं तोंडी ठेवलं तर उलट. दोन्ही एकदम करावं. साधी गोष्ट. मंगळवारी सु.बाईंना अडवलं नसतं तर आणखी साधी. मोत्याला घरीच ठेवावं, ताप आहे म्हणून सांगावं, असंही मनात आलं. हिराला म्हटलं.
"ताप कुत्र्याले, का मालकाले?"

१०, शनि.
शेवटची तालीम, गोल करून. "हुकूम तोंडी आणि हाताने, दोन्ही," एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही, सु.बाईंनी विचारलं नाही. मी खूण केली. मोत्याने पाहिलं नाही, हाताची सवय मी लावलीच कुठे. पण शेजारचा टिपू पोट टेकून बसला, त्याच्याकडे पाहून हाही तसाच, पोट टेकून. परत केलं. परत तेच. पाठ ताठ, शेपूट सरळ, अशी बैठक घडवली होती मी त्याची.
निघताना सु.बाई हळूच, "उद्या याले टिपूच्या बाजूलेच बसवा जी. पाहून घेते तो. मी कोणाले नाई सांगत."
"काय नाही सांगत?"
"काईच नाई."

११, रवि. सकाळ
रांगेत पहिली जागा मोत्याची, बाकीच्यांनी त्याचं पाहून करावं म्हणून. टिपू शेवटी, वेळ लावतो म्हणून. आखणी माझीच. आता टिपूला पुढे आणायचं की मोत्याला मागे न्यायचं? मागे नेलं तर लोक विचारतील. आणि नाव पुकारताना काय म्हणायचं? भोजराज "माही आंधळी काळी" असं बिनदिक्कत म्हणतो, लोक टाळ्या वाजवतात. माझ्या तोंडून तो शब्द अजून घरातसुद्धा निघालेला नाही.
हिराने मोत्याला धुऊन पुसून काढलं. दारात बसला आहे, तोंड रस्त्याकडे. निघायचं म्हणून मागून हाक मारली, सवयीने. मग समोर जाऊन उभा राहिलो.