तिसऱ्या मजल्यापुढची सही

१६ सप्टेंबर, सोमवार

आज चार पडकी घरं बंद केली. ठोकलेल्या फळ्यांवर सहा खिडक्या रंगवल्या — सहाही पिवळ्या!

प्रुइट म्हणाला, "डेला, तुझ्याकडे दुसरा पडदा नाही का गं? लोक म्हणतील, सगळ्या बाल्टिमोरने एकाच दुकानातून कापड उचललंय." तो आमचा मुकादम. माणूस वाईट नाही. मी हसले नुसती. त्याला काय सांगू?

पिवळा पडदा, खाली चेरींची किनार, डाव्या कोपऱ्यात निळी कुंडी. ही आमच्या आईच्या स्वयंपाकघरातली खिडकी आहे. जिथे जिथे फळ्या ठोकतो, तिथे तिथे मी ती काढते. लूशियस कुठून तरी जाताना बघेल. बघितलं की ओळखेलच — डेलाने काढलंय, घरी बोलावतेय.

माझा धाकटा भाऊ. मार्चपासून पत्ता नाही. फोन बंद. त्याचे जुने दोस्त म्हणतात, "दिसला होता, पार काडी झालाय." त्या नशेच्या विषाने खाल्ला त्याला. असल्याच कुठल्यातरी पडक्या घरात झोपतो, एवढंच कळतं. आणि इकडे आईचं यकृत संपलंय. डॉक्टरीण दारात उभी राहून हळूच म्हणाली, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंतचं धरू नका. आई म्हणते, लू आल्याशिवाय मी जायची नाही.

माझ्या हातात तरी दुसरं काय आहे? शहर मला पगार देतं तो पडकी घरं वस्तीची भासवायला. दिवसभर कचरा उचला, माजलेलं गवत कापा, फळ्या ठोका, फळ्यांवर खिडक्या काढा. त्याच पगारी वेळात मी भावाला निरोप पाठवते. चोरी असेल तर असू दे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

तीन खिडक्या. लू नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आत शिरायचा नियम पाठ झालाय. तीनदा हाक मारायची, मग मजल्यामागून मजला डोळ्यांनी बघायचा, मग कागदावर प्रत्येक मजल्यापुढे सही. कुणी आत असेल तर त्याला उठवून, कॉफी पाजून, निवाऱ्याचा पत्ता द्यायचा. सहीशिवाय एक खिळा मारायचा नाही.

हाक आमच्या टोळीतली ओडेसा मारते. आवाज असा की उंदीरसुद्धा सामान बांधतील. "पोलीस नाही रे बाळांनो, सफाईवाले आहोत! दार बंद होतंय, उठा!" मग मी माझं जोडते — "लू, मी डेला!"

ओडेसाने आठ वर्षं तुरुंगात काढलीत. आज फळी धरताना म्हणते, "आठ वर्षं मला आत कोंडलं, आता दारं बंद करायचा पगार मला देतात. देव पण ना, टवाळ आहे!" इतकी हसले की ब्रश हलला. बऱ्याच दिवसांनी हसले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ब्राइस गल्लीतल्या खिडकीचा फोटो आईला दाखवला. तिचा पलंग आता पुढच्या खोलीतच आहे, रस्त्यावर नजर राहावी म्हणून. फोन नाकाशी धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"छान. पण टोमॅटो कुठेत?"

विसरलेच की मी! थंडी पडायच्या आधी आई मागच्या अंगणातले हिरवे टोमॅटो तोडून आणायची आणि खिडकीच्या खालच्या पट्टीवर पिकायला ठेवायची. तीन एका वेळी, देठ खाली. रोज फिरवायचे. ते काम लूचं. तो गधडा बॉलपेनने त्यांना तोंडं काढायचा — एक हसरा, एक रडका, एक जीभ काढलेला. कायम त्याच क्रमाने. आई ओरडायची, "शाई पोटात जाऊन मराल!" आणि रडका टोमॅटो मात्र स्वतः खायची.

म्हटलं, उद्यापासून काढते. तर आई म्हणाली, "नको. ते लूचं काम. पट्टी मोकळी राहू दे."

२ ऑक्टोबर, बुधवार

आज हार्लो स्ट्रीटवरचं कोपऱ्यातलं घर मिळालं! महिनाभर त्यावर डोळा होता माझा. समोर बसचा थांबा, पलीकडे चर्चचं तळघर — तिथे दुपारी सूप वाटतात. भुकेला माणूस दिवसातून एकदा तरी त्या कोपऱ्यावरून जाणारच. लू जाणारच.

तीन मजली घर. पुढच्या संगमरवरी पायऱ्या अजून शाबूत. आमच्याही दाराला तशाच होत्या, आई दर शनिवारी गुडघ्यांवर बसून घासायची. खालचे दोन मजले पाहिले — गाद्या, सुया, नेहमीचंच. तिसऱ्याचा जिना खचलेला, चार पायऱ्या गायब. अशा वेळी बाहेरून शिडी लावायची. शिडी दुसऱ्या टोळीकडे, ती यायला अकरा वाजणार. आणि दोनला पाऊस सांगितलेला. रंग वाळायला हवा ना! ओडेसा मागे गवत कापत होती, म्हणून जिन्याखालून मीच तीनदा ओरडले. "लू, मी डेला!" हेही ओरडले. वर कबुतरं असावीत. सही केली.

पण काय खिडकी झाली! पडद्याला वाऱ्याची घडी आली. थांब्यावरची एक म्हातारी म्हणाली, "कुणीतरी राहायला आलं म्हणा की शेवटी."

३ ऑक्टोबर, गुरुवार

घरी जाताना मुद्दाम तिथून गेले. बस सोडून दिली. पंधरा मिनिटं स्वतःच काढलेल्या खिडकीकडे बघत बसले, वेड्यासारखी.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

हार्लो स्ट्रीटचं घर पहाटे जळालं.

सकाळी व्हॅनपाशी प्रुइटने सांगितलं. टोपी हातात घेऊन. तिसऱ्या मजल्यावर माणूस सापडला. पुरुष. नाव माहीत नाही.

हातातली कॉफी कधी सांडली कळलं नाही. ओडेसाने माझं जॅकेट पुसलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

आई — "आला का?" मी — "अजून नाही." तिने पाणीही घेतलं नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

जिथे मृतदेह ठेवतात तिथे जाऊन आले. चेहरा दाखवण्यासारखा नाही म्हणाले. उंची सहा फुटांच्या आसपास. वय तीस-चाळीस. लू सहा फूट. लू छत्तीस.

खिडकीमागची बाई मऊ बोलत होती. "तुम्हाला का वाटतं, तुमचा भाऊ असेल?" काय सांगू तिला! की मीच त्याला तिथे बोलावत होते? की दार मीच बंद केलं? म्हटलं, "बेपत्ता आहे, म्हणून." डीएनए जुळवायला माझ्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने काहीतरी घेतलं. आठ-दहा दिवस लागतील म्हणे.

आठ-दहा दिवस मी जेवायचं कसं, झोपायचं कसं, आईच्या तोंडाकडे बघायचं कसं, ते नाही सांगितलं कुणी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

प्रुइटने बाजूला घेतलं. हातात माझा कागद. तीन मजले, तीन सह्या.

"डेला, तिसरा मजला पाहिलास ना?"

"हो."

"वर गेलीस?"

"हो म्हटलं ना!"

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. चौकशी होणार आहे. खोटी सही म्हणजे नोकरी तर जाईलच, पुढे कोर्टही दाखवतील. मी तुरुंगात गेले तर आईला कूस कोण बदलून देणार? म्हणून हो म्हटलं. नाही, म्हणून नाही. खरं बोलायची हिंमत नव्हती, बस्स.

मग ब्राइस गल्लीत पाठवलं. तिथल्या माझ्या खिडकीवर कुणीतरी काळ्या रंगाने शिवी लिहिली होती. पट्टी सगळी पुन्हा पांढरी केली. सरळ आली. आधी वाटलं, मोडून टाकावी ती फळी लाथ घालून. कशाला काढल्या या खिडक्या मी!

१० ऑक्टोबर, गुरुवार

इथे तरी खरं लिहू दे. दुसरं कोण वाचणार आहे?

कबुतरं नव्हती. मी जिन्याखाली उभी होते आणि वर कुणीतरी खोकलं. एकदाच. दाबून. मी ऐकलं. आणि स्वतःला म्हटलं, कबुतरं. कारण शिडी यायला दीड तास होता, पाऊस येणार होता, आणि मला माझी खिडकी काढायची होती!

कबुतरं खोकत नाहीत, डेला.

लूला शोधायला म्हणून खिडकी. खिडकी काढायच्या घाईत लूच गेला. देवा, असं कुणाच्या हातून होतं का? लहानपणी तो आजारी पडला की असाच खोकायचा, उशीत तोंड खुपसून, आईला कामावर जाता यावं म्हणून. आणि मी तो खोकला ओळखला नाही. त्याने माझा आवाज ओळखला असेल ना! मग बोलला का नाही? लाजला असेल. अशा अवस्थेत बहिणीने बघू नये म्हणून गप्प राहिला असेल. आणि मी खाली खिळे मारत होते. शिट्टी वाजवत होते मी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

ओडेसाला सगळं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, व्हॅनमागे. तळलेले मासे तसेच राहिले दोघींचे.

आधी म्हणाली, "अगं, हे लोक छपरावरून येतात. भिंतीला भिंत आहे सगळी ओळ. तू बंद केल्यावर आला असेल."

"खोकला ऐकला मी, ओडेसा."

 मग म्हणाली, "मी सांगते, शिडी मी धरली होती. तू वर चढलीस. वर कुणी नव्हतं."

"पकडलं तर तुला परत आत टाकतील."

"आतलं जेवण काही इतकं वाईट नसतं." पण हसली नाही. माझा हात धरून बसली. मी नाही म्हणाले नाही. तिला असं माझ्यापायी अडकू देताना माझी जीभ उचलली नाही — इतकी मी खाली आलेय.

१३ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. आईने डोळे न उघडता विचारलं, "आला का?" म्हटलं, "येतोय गं." खोटं बोलायची सवय होते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ब्राइस गल्ली. पट्टीवर तीन टोमॅटो!

विटेच्या तुकड्याने काढलेत. वेडेवाकडे, देठ खाली. एक हसरा, एक रडका, एक जीभ काढलेला. आठ तारखेला मी ती पट्टी माझ्या हाताने पांढरी केली होती. म्हणजे त्यानंतरचे. म्हणजे आगीनंतरचे! रस्त्यातच बसकण मारली. ओडेसाला वाटलं मला झटका आला. दोघी गळ्यात पडून रडलो. बस थांबवून लोक बघायला लागले.

आईला फोटो दाखवला. "पिकलेत का?" म्हणाली. म्हटलं, लाल झालेत. "मग येईल आता," म्हणाली, आणि दोन चमचे सूप घेतलं.

तिचं तोंड पुसताना ती खोकली. आणि माझा हात तिथेच थांबला.

हार्लो स्ट्रीटच्या त्या घरात वर कुणीतरी होतंच. खोकलं होतंच. मी हाक मारली ती लूला. तो लू नव्हता, म्हणून बोलला नाही.

उद्या सकाळी आधी ओडेसाला सांगते, तू काही बोलायचं नाहीस. मग प्रुइटला. वर गेले नव्हते म्हणून.