दाजींची गाडी आणि कावळ्याला दिलेला शब्द

केडगाव, मंगळवार

ती. अक्कास,
अजिनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. (वर खाडाखोड दिसते ती 'सौ.'ची. हात सवयीनं लिहून गेला, मग खोडलं.) आम्ही इकडे ठीक आहोत. तू जेवतेस असं पार्थ सांगतो, पण तो नजर चुकवून सांगतो, म्हणून खरं वाटत नाही. अर्धी भाकरी तरी खात जा. फोनवर तू नुसतं हं म्हणतेस आणि समोर आलो की मीच भलतंसलतं बोलत बसतो, म्हणून हा कागद.

विषय दाजींच्या गाडीचा. एसीतून गार हवा येत नाही एवढीच तक्रार घेऊन ते स्वतः इथल्या सर्व्हिस सेंटरला गाडी लावून गेले. तिथले लोक संध्याकाळी घेऊन जा म्हणाले होते, मग उद्यावर गेलं, तेव्हा दाजी एसटीनं काष्टीला परतले आणि त्याच आठवड्यात आपल्याला सोडून गेले. गाडी तिथंच राहिली. तेव्हापासून मी हेलपाटे घालतोय. आत गेलं की काचेचा दरवाजा, मऊ कोच, भिंतीवर 'ग्राहक हाच देव' (देवाला आपल्याकडे किती वेळ उभं ठेवतात ते तुला माहीतच आहे). दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून कहाणी. पार्ट पुण्याहून निघालाय म्हणतात. एवढ्या दिवसांत भंडारदऱ्याचं पाणी पायी चालत श्रीगोंद्याला आलं असतं. एकदा तर पुसून चकाचक केलेली गाडी समोर आणून उभी केली, मला भरून आलं, आणि आत बघतो तर कुणा राहुरीच्या डॉक्टरांची. दाजी गेले हे सांगून दाखला पुढं केला, तर टायवाला म्हणाला, सॉरी सर, पण गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांना पाच मिनिटं येऊन जायला सांगा. मी हसलो, अक्का. बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो आणि तिथं मला रडू आवरेना.

आता तू म्हणशील, एवढं कशाला मागं लागायचं. तर तुला न सांगितलेली गोष्ट सांगतो. दहाव्याला तू घाटावर नव्हतीस. पिंड ठेवला, बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. पार्थनं हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. तुझे दीर आसाराम म्हणाले, बांधाची कुरबूर मिटवतो, तेव्हा तर एक कावळा उडूनच गेला (त्यालाही आसारामभाऊंची माहिती असावी). ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करू म्हणाले. मी मागं उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, गाडीची काळजी करू नका. मी आनून दारात लावतो." कावळा सरळ खाली आला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. पार्थचं तोंड मात्र एवढंसं झालं. बापाचा जीव पोरात नाही, गाडीत अडकला होता, असं त्याला वाटलं असणार. त्याला तू जवळ घेऊन समजाव, माझ्याच्यानं होत नाही.

हा शब्द मी दिलाय, म्हणून रात्रीची झोप नाही. शेवटी काल मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. अंगद नावाचे गृहस्थ, मूळ पाथर्डीकडचे. अर्ज झाला, दाखला झाला, त्यांनी मान वर केली नाही. मग मी थकून दहाव्याची हकिगत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कावळ्याला शब्द दिला म्हन्ता? मंग हे आदी न्हाई का सांगायचं?" अक्का, सरकारी शिक्क्यानं जे झालं नाही ते कावळ्यानं केलं. सगळे मेकॅनिक धावले, पार्ट दुसऱ्या एका गाडीतून काढून आपल्या गाडीला बसवला (त्या राहुरीच्या डॉक्टरांच्या गाडीतला नसावा अशी आशा), दुपारी एसी गार.

कळावे. गुडघ्याला तेल लावत जा.
तुझा,
अजिनाथ

ता. क. गाडी अजून मिळालेली नाही. सगळ्यांना कावळा पटला, कॉम्प्युटरला पटला नाही. त्याला ओटीपी लागतो आणि तो दाजींच्याच मोबाईलवर येतो. तीनदा पाठवला, मोबाईल बंद. तो तुझ्या उशाशी असतो असं पार्थ म्हणाला. तेवढा चालू करून चार आकडे मला कळव. पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. तू तो बंद का ठेवतेस ते मला काल तिथंच बसल्याबसल्या कळलं. दाजी स्टेअरिंगला हात लावायच्या आधी मोबाईल बंद करायचे. फोन लागला नाही की तू आम्हाला सांगायचीस, "गाडीवर हायेत, येतील." अक्का, ते गाडीवर नाहीत गं. चालू करशील तेव्हा मला बोलावून घे, मी शेजारी बसतो. पण लगेच कर असं नाही. अजून थोडे दिवस उशीर झाला तरी चालेल असं मी अंगदसाहेबांना सांगून आलोय. ते म्हणाले, त्याची तुम्ही काळजीच करू नका.