एक बिल्ला जास्त

बाबा, काल मला हार घातला. हजिऱ्याच्या पुढे गिरणीकामगारांची वस्ती आहे ना, तिथल्या बायकांनी. तुम्ही होतात तेव्हा तिथे चार चाळी होत्या, आता गल्ली चुकायला होतं. नर्स म्हणून मी त्यांच्या घरांत जायला लागले त्याला वीस वर्षं झाली, म्हणून हा थाट. खुर्ची मांडली, पोरांकडून गाणं म्हणवून घेतलं, आणि मग एक म्हातारी उठून म्हणाली, "हमारी सिस्टरबाई तो सीधी सुरग जाएँगी, इनसे वहाँ कौन पूछताछ करेगा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले, हात जोडले, आणि घरी येईपर्यंत तो हार मला गळ्याला काचत होता. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. त्याआधीची अकरा वर्षं आपण दोघं एकाच घरात राहिलो, समोरासमोर बसून जेवलो, आणि एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. आता सांगते. ऐकून तुम्ही काही बोलणार नाही, ते तुम्ही तेव्हाही केलं नाहीत.

तुमची दरबारची नोकरी बाजारातली वजनं तपासण्याची. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा तुमचं बोट धरून बरोबर आले होते. तुम्ही दिसताच गल्लीत कुजबुज झाली, "काँटेवाले बाबूजी आए," आणि पुढची दोन दुकानं आपोआप बंद झाली. तिसऱ्या दुकानात तुम्ही अर्ध्या शेराचं वजन उचललंत, तळहातावर जरा झेललंत आणि म्हणालात, "इसमें लाख है." दुकानदार देवाच्या शपथा घ्यायला लागला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. वजन उलटं करून खिळ्यानं खरवडलंत, आणि आत पोकळ करून भरलेली लाख निघाली. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. घरी येऊन आईला दहा वेळा सांगितलं. आई म्हणाली, "त्यांच्या हाताला सगळं कळतं गं, म्हणून तर मी मिठाचा डबासुद्धा लपवून ठेवते."

तोच हात गिरजातही चालायचा. आजोबा महाराजांच्या फौजेत, सगळं कुळ दख्खनी शिपायांचं, आणि तुम्ही विशीत बाप्तिस्मा घेतलात. घर तुटलं, पण कडकपणा काही सुटला नाही. मंडळीनं तुम्हाला पंच केलं. आपल्या गिरजात हिंदी चाले, तिथे पंचाला 'प्राचीन' म्हणत, आणि चाळिशी उलटायच्या आत तुम्ही प्राचीन झालात म्हणून आई पदरात तोंड घालून हसायची. तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन असे. आदल्या शनिवारी दुपारी तुम्ही गिरजामागच्या खोलीत बसत असा. एकेक जण आत येई, तुम्ही त्याला प्रश्न विचारत असा, आणि जो लायक ठरेल त्याच्या हातावर शिशाचा एक बिल्ला ठेवत असा, अंगठ्याच्या नखाएवढा. रविवारी तो बिल्ला मेजावर ठेवला तरच भाकर आणि प्याला. पादरी साहेब दर रविवारी घसा कोरडा करून सांगत की माणूस आपल्या चांगुलपणानं तरत नाही, देवाच्या दयेनं तरतो. तुम्ही पहिल्या बाकावर बसून मान डोलवत असा. रविवारी दया आणि शनिवारी तपासणी, हे तुमच्यात कसं मावायचं ते मला कधीच समजलं नाही.

काकांना तुम्ही पाच वेळा परत पाठवलंत. ते लढाईवरून छाती खराब करून घेऊन आले होते आणि एका सरदारांच्या पागेत घोडे बघत, तिथल्याच खोलीत राहत. पीत होते, हे आपल्या सगळ्या लष्कर भागाला ठाऊक होतं. पण कारण नुसती दारू नव्हती. साथीच्या तापात आई पडली त्या सकाळी तुम्ही काकांना सांगितलंत, "डॉक्टरांना घेऊन ये," आणि तुम्ही बाजारात गेलात, कारण त्या दिवशीची तपासणी ठरलेली होती. काका वाटेत कलारीत, दारूच्या गुत्त्यात, शिरले. डॉक्टर दिवेलागणीला आले. तोवर मी एकटीच आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते, आणि शेवटी त्या पट्ट्या गरम होईनाशा झाल्या. त्यानंतर तुम्ही काकांना दारात उभं केलं नाहीत. मला मात्र त्या दिवसापासून तुम्हा दोघांचाही राग होता, आणि काकांवरचा लवकर निवला, कारण ते रडले. तुम्ही रडला नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही परत बाजारात.

तो शनिवार मला अजून दिसतो. थंडी आहे. मी सतरा वर्षांची, खोलीबाहेर रांगेत उभी. माझ्यापुढे काका, अंगात फौजेतला जुना कोट. दार अर्धवट उघडं आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतंय.

"दारू?" तुम्ही विचारता.

"परवा घेतली, दादा. खोटं नाही बोलणार."

"मग आलास कशाला?"

"मला हवंय म्हणून आलो. लायक आहे असं मी कुठं म्हणालो?"

"तीन महिने कोरडा राहा. मग ये."

"तीन महिने नाहीत माझ्याकडे, दादा. डॉक्टरनी जवाब दिलाय. अब की बार दे दो."

तुम्ही बिल्ल्यांच्या पेटीचं झाकण लावता, पुन्हा उघडता. मग म्हणता, "पुढचा."

पुढची मी होते. काका माझ्या शेजारून खोकत निघून गेले आणि मी आत आले. तुम्ही विचारलंत, "कोणाशी वैर? अबोला?" मी म्हणाले, "नाही." बाबा, आई गेल्यापासून मी तुमच्याशी 'जेवायला चला' याखेरीज बोलले नव्हते. तुम्हाला लाख ओळखता येत होती. तरी तुम्ही मान वर न करता माझ्या हातावर बिल्ला ठेवलात.

रविवारी सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात. तुमचा बंद गळ्याचा काळा कोट खुंटीला होता, खिशात बिल्ल्यांच्या पेटीची किल्ली. मी पेटी उघडली, एक बिल्ला काढला, किल्ली परत ठेवली आणि "मी पुढे होते" असं ओरडून पागेकडे पळत सुटले. काका घोड्याला खरारा करत होते. बिल्ला पाहून त्यांचा हात थांबला. "दादानं दिला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हो." आदल्या दुपारपासून हे दुसरं खोटं. काका तिथेच गवताच्या पेंढीवर बसले आणि म्हणाले, "दादाला दया आली. बघ पोरी, दादाला दया आली." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला आशीर्वाद दिला. तो हात मला आजही नको वाटतो.

गिरजात लांब मेज, त्यावर पांढरी चादर. आम्ही सगळे दोन्ही बाजूंना बसलो आहोत आणि तुम्ही लाकडी ताटली घेऊन एकेकाचा बिल्ला उचलत येता आहात. काका टोकाला, माझ्यासमोर. मंडळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे की ते तिथे बसायला नको होते. कुणी खोकतसुद्धा नाही. तुम्ही त्यांच्यापाशी येऊन थांबता. काका मूठ उघडतात, बिल्ला चादरीवर पडतो. ते वर बघून हळूच म्हणतात, "दादा." त्यांचे डोळे भरलेले आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आहे की मला तिथून उठून पळावंसं वाटतं. तुम्ही तो बिल्ला बघत राहता. पादरी साहेब भाकर हातात धरून खोळंबलेले. आता तुम्ही म्हणणार, 'हा मी दिलेला नाही.' तुम्ही माझ्याकडे बघत नाही. तुम्ही बिल्ला उचलता, ताटलीत ठेवता आणि पुढे जाता. नंतर प्याला फिरला तेव्हा काकांना तो धरवेना, तर तुम्ही स्वतः त्यांच्या ओठांना लावलात.

उपासनेनंतर मागच्या खोलीत दुसऱ्या पंचांनी बिल्ले मोजले. एकोणीस दिले होते, वीस आले. मी बाहेर चादरीची घडी घालत होते. पादरी साहेबांनी विचारलं, "एक ज़्यादा कैसे हुआ?" तुम्ही म्हणालात, "मेरी गिनती में भूल हुई, साहब." बाबा, तुमची गिनती! बाजारात कुणी ऐकलं असतं तर दिवाळी केली असती. दुसरे पंच काही एवढ्यानं गप्प बसणारे नव्हते. नालायक माणसाला मेजावर बसवलं, तेही सख्ख्या भावाला, अशी कुजबुज झाली, आणि महिन्याच्या आत पेटी तुमच्याकडून गेली. तुम्ही पहिला बाक सोडून दाराजवळ बसायला लागलात. घरी तुम्ही मला एक शब्द विचारला नाहीत. मी ठरवलं की तुम्हाला खरंच वाटतंय तुम्ही चुकलात. असं ठरवणं सोयीचं होतं.

काका पुढचं भोजन यायच्या आत गेले. त्यांना माती देऊन आपण दोघं चालत येत होतो तेव्हा तुम्ही आपणहून बोललात. म्हणालात, "त्यानं जन्मात चांगलं काय केलं ते सकाळपासून आठवतोय. काही सापडत नाही. आणि तरी मला वाटतं, तो पोचला." मी फटकन म्हणाले, "मग तुमच्या वजनांचं काय?" तुम्ही रागावला नाहीत. "वजनं बाजारासाठी असतात, पोरी. तिथं बाजार नाही. असता तर मीच पहिल्यांदा कमी भरलो असतो. त्या दिवशी मी तरी कुठं घरी थांबलो?" आईबद्दल तुम्ही बोललात ते तेवढंच. मी तेव्हा तुमचा हात धरायला हवा होता. मी आपली झपाझप पुढे चालत राहिले.

मग पुढच्या भोजनाआधीचा शनिवार आला. तुम्ही रांगेत, मी तुमच्या मागे. आत दुसरे पंच. त्यांनी विचारलं, "काही खोटं बोललात?" तुम्ही म्हणालात, "हो." "काय?" "ते सांगता येणार नाही." "कुणाला पाठीशी घालताय?" तुम्ही उठलात. तुम्हाला बिल्ला मिळाला नाही. तुम्ही माझ्या शेजारून बाहेर गेलात, काका गेले होते तसेच, आणि मी आत जाऊन माझा बिल्ला घेतला. असं तीन वेळा झालं. तीन वेळा मी मेजावर बसले आणि तुम्ही दाराजवळ. पुढे ती चालच बंद पडली म्हणून सुटका झाली, नाहीतर मी चौथ्यांदाही गप्पच बसले असते. मला माझी चांगली ओळख आहे.

आणि मग ती मेमधली दुपार. दाराला वाळ्याची ताटी, मी तिच्यावर पाणी मारून आत आले. तुमचे पाय सुजले होते, श्वास अपुरा पडत होता. तुम्ही डोळे उघडून, चहाची साखर विचारावी तितक्या सहज म्हणालात, "मी किल्ली डाव्या खिशात ठेवायचो. तू उजव्यात ठेवलीस." मी हातातलं भांडं खाली ठेवलं. तुमच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "बाबा, पाणी देऊ?" तुम्ही म्हणालात, "दे." पाणी प्यालात. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

म्हणजे पहिल्या सकाळपासून तुम्हाला ठाऊक होतं. कोट अंगात घालताना, गिरजात पाऊल टाकायच्या आधीच. मी कबूल करेन म्हणून तुम्ही थांबला नाहीत. मी न मागताच माझं सगळं स्वतःवर घेतलंत. ते फिटावं म्हणून मी वस्तीतली बोलावणी घेत राहिले, उन्हातान्हात, अंगात ताप असतानासुद्धा, आणि लोक त्याला पुण्य म्हणतात. मी फक्त तुमच्यासमोरचं पारडं भरत होते, जिथे तुम्ही पारडं लावलंच नव्हतं. पादरी साहेब जन्मभर सांगत होते ते मला पटतं, बाबा. फुकट घेणं मात्र अजून जमत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून माझ्या नर्सच्या पिशवीत, कापसाच्या खाली ठेवीन. पण त्याआधी एक राहिलं. हे किल्लीपेक्षा वाईट आहे. काकांना वाटलं मला त्यांची कणव आली. तुम्हालाही कदाचित तसं वाटून बरं वाटलं असेल, की पोरीनं चोरी केली पण दयेपोटी केली. तसं नव्हतं. पेटी उघडली तेव्हा माझा स्वतःचा बिल्ला माझ्या दुसऱ्या मुठीत होता. तोच काकांना दिला असता तर कशाला चोरी लागली असती? पण मग एकोणीसच भरले असते, आणि तुम्ही बरोबर ठरला असतात. मला तुम्ही सगळ्यांसमोर चुकायला हवे होतात, एकदा तरी. हे तुम्हाला कळलं नसेल अशी आशा मी इतकी वर्षं धरून आहे. पण तो बिल्ला माझ्याकडे होता हे तुम्हाला ठाऊक होतं. आदल्या दुपारी तुम्हीच तो माझ्या हातावर ठेवला होता.