रताळ्याचा गुण

मंगळवार, ९ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. घरचं सगळं ठीक. तुझं पार्सल पोहोचलं, स्वेटर बाबांना अगदी बेताचा बसला, पण काढायला तयार नाहीत.

मागच्या पत्रातलं एक वाक्य आधी दुरुस्त करते. बाबा तीस किलोमीटर फक्त उकडलेलं रताळं आणि खजूर खाऊन धावले, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. ते वाक्य तू ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलंस हे कळलं, म्हणून आधी हेच लिहितेय.

त्या रविवारी मी नेहमीसारखी सायकलवरून मागे होते. कालव्याच्या पुलाजवळ बाबा धावायचे थांबले. मी रताळं हातात दिलं, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, तुम्ही कोणाकडे आलात?"

मला अहो म्हणाले, दादा. अंग घामाने थंडगार. मधुमेहाची गोळी सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं, असं झालं तर लगेच साखर द्या. पण साखर त्यांनी घरातच येऊ दिली नाही, जवळ बाळगणं तर दूरच. मी पुलाशेजारच्या चहावाल्याकडून मूठभर साखर घेतली, पाण्यात ढवळली आणि पाजली. थोड्या वेळाने त्यांना माझी ओळख पटली. हातातल्या अर्ध्या रताळ्याकडे बघत म्हणाले, "बघितलंस? रताळ्याचा गुण. दमाने येतो, पण येतो."

मी "हो" म्हणाले आणि साखरेचा ग्लास चहावाल्याला परत केला.

शाळेत घालण्याआधी त्यांनीच मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. जे दिसलं तेवढंच लिही, म्हणून कान पिळले. अशा माणसाला खोटं कसं पाडायचं, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण खरं कारण भीती. ते ओरडत नाहीत, बोलणंच बंद करतात. तू घर सोडलंस तेव्हा पाहिलंय मी.

तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या बाटलीत मीच चोरून साखर विरघळवते. एकदा म्हणाले, "पाणी गोड लागतंय गं." मग स्वतःच म्हणाले, "पोटात भूक असली की पाणीसुद्धा गोड लागतं."

आता बेकरीवाले काका. त्यांना तोच आजार, तीच गोळी. बाबांचं बघून त्यांनी खिशातलं ग्लुकोज काढून टाकलं. "जन्मभर लोकांना साखर चारली, आता मास्तर मला रताळी चारतायत," म्हणून हसतात. बाबांना इथे सगळे मास्तरच म्हणतात. येत्या रविवारी काका पहिल्यांदाच तीस किलोमीटर धावणार, तेही एकटे, त्यांच्या वाटेने. त्यांच्यामागे सायकलवर कोणी नसेल. डोळा लागला की मला पूल दिसतो, आणि काका मला अहो म्हणतात.

शनिवारी काका रताळी न्यायला येतील तेव्हा दोघांसमोर सांगायचं, असं ठरवलं होतं. काका असले की बाबा जरा आवरतात. इथवर लिहिलं आणि बाबा दारात येऊन उभे राहिले.

"परवा गुरुवारी जादाचं धावणार आहे, तू येऊ नकोस. लांबचा पल्ला आहे, पण मी एकटा जाऊन येतो. तोंड बघ किती उतरलंय तुझं. झोप काढ."

"आणि बाटली?"

"ती मी भरून घेईन. नळ कुठे असतो ते माहीत आहे मला." हसले. "आता जमतं गं मला."

हे जमणं त्यांना मी शिकवलं, दादा. मी काकांच्या काळजीत होते, आणि बाबा माझ्यावाचून जातील हे मनातही आलं नाही. किंवा आलं होतं, मीच येऊ दिलं नाही.

शनिवार फार लांब आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा घरात अबोला असेल. ते तुझ्याशी बोलत नाहीत, तरी फोन कर. वाजू दे नुसता.

चहाच्या वेळी बाबांना सांगणार, आणि तशीच उठून बेकरीत जाणार. उद्या, बुधवारी, दहा तारखेला.

घाबरलेली,
तुझी धाकटी